खाऱ्या वाऱ्यांतील लोखंड व त्यावरील लेप

गव्हावर तांबेरा दिसूं लागला कीं शेतकरी अस्वस्थ होतो, जाणत्यांस विचारतो व उपाय करूं लागतो. तोच तांबेरा आपल्या पंपघराच्या दारावर, छपराच्या पत्र्यावर किंवा ट्रॉलीच्या तळाशीं दिसला, तर मात्र "लोखंड म्हटलें कीं गंजणारच" असें म्हणून तो पुढें जातो. पूर्वीं शेतकऱ्याच्या घरीं लोखंड म्हणजे नांगराचा फाळ, कोयता, कुदळ व गाडीच्या चाकाची धांव एवढेंच असे, आणि तें रोजच्या वापरानें घांसून लखलखीत राही. आज स्थिति पालटली आहे. पन्हळी पत्रे, कुंपणाचे खांब, पाण्याच्या टाक्या, जलवाहिन्या, पॉलीहाऊसच्या नळ्या, ट्रॅक्टरचीं अवजारें आणि खाडीच्या कांठीं बांधाच्या उघाडीवरील झडप, एवढें लोखंड शेतकऱ्याच्या भांडवलांत शिरलें आहे. हें भांडवल उन्हापावसांत उभें असतें, त्यास विश्रांति नाहीं, आणि त्याचें रक्षण केवळ वर दिलेल्या पातळ लेपावर अवलंबून असतें.

हा लेप कोणता निवडावा, यासंबंधीं आपल्याकडे एकच रीत रूढ आहे. दुकानांत जावें, भाव विचारावा, आणि स्वस्त असेल तो लाल रंग आणून गंजावरच एक हात द्यावा. या रीतीनें रंगही जातो, मजुरीही जाते आणि लोखंडही जातें. प्रस्तुत लेखांत या निवडीचा क्रम कसा असावा हें सांगण्याचें योजिलें आहे.

आपल्या भागाची हवा

वैतरणा नदी नाशिक जिल्ह्यांत त्र्यंबकेश्वराच्या डोंगरांत उगम पावते व अर्नाळा आणि दातिवरे यांच्या मधून समुद्रास मिळते. मुखाकडील भागांत ती नदी नसून खाडीच असते. भरतीचें खारें पाणी तींतून कित्येक मैल आंत चढतें. १८६४ पासून मुंबई–सुरत लोहमार्ग ही खाडी वैतरणा व सफाळें या स्थानकांच्या दरम्यान पुलांवरून ओलांडीत आला आहे. गाडींतून जातांना त्या पुलांखालील खारफुटी व चिखल ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस तेथील लोखंडाची काळजी रेल्वेस सदैव कां वाहावी लागते हें निराळें सांगावयास नको.

पालघर जिल्ह्यांत लोखंडाच्या दृष्टीनें एकच हवा नाहीं. तारापूर, सातपाटी, केळवें, दातिवरे या किनाऱ्याच्या गांवीं वारा मिठाचे सूक्ष्म कण घेऊन येतो व ते प्रत्येक पत्र्यावर बसतात. बोईसर येथील औद्योगिक वसाहतीच्या आसपास रासायनिक कारखान्यांचा धूर व आम्ल वाफा यांची भर पडते. मनोर, विक्रमगड या आंतल्या भागांत मीठ कमी, परंतु पाऊस दोन हजार मिलिमीटरांहून अधिक, म्हणून वर्षांतील चार महिने लोखंड ओलेंच असतें. खाडीच्या पाण्यांत बुडणारें लोखंड ही गोष्ट या सर्वांहून वेगळी.

हा भेद शास्त्रज्ञांनींही मानिला आहे. आयएसओ १२९४४ या आंतरराष्ट्रीय प्रमाणांत हवेचे सी-१ पासून सी-५ पर्यंत पांच वर्ग केले आहेत, आणि भर समुद्रावरील वगैरे अत्यंत कठीण ठिकाणांसाठीं सीएक्स हा सहावा वर्ग आहे. गोडें पाणी, खारें पाणी व जमीन यांत असणाऱ्या लोखंडासाठीं आयएम-१, आयएम-२ व आयएम-३ असे निराळे वर्ग आहेत. कोरड्या घरांतील लोखंड सी-१ मध्यें पडतें. किनाऱ्यावरील उघडें लोखंड सी-५ पर्यंत जातें. मोठ्या कारखान्यांत रंगकामाचा करार करतांना प्रथम हा वर्ग ठरवितात व मग रंगाचें नांव काढतात. शेतकऱ्यानेंही हाच क्रम ठेवावा. एकाच मालकाच्या घरांतील कपाट, अंगणांतील फाटक व खाडीवरील झडप यांस एकच डबा पुरणार नाहीं.

लेप काय करितो

लोखंड गंजण्यास पाणी व प्राणवायु हीं दोन्ही लागतात; मीठ हें काम फार वेगानें करवितें, कारण तें हवेंतील ओल धरून ठेवतें व विजेचा सूक्ष्म प्रवाह सुलभ करितें. गंजाचा आकार मूळ लोखंडाच्या कित्येक पट असतो, म्हणून तो वरच्या रंगास आंतून उचलतो व फोड येतात. रंग वरून शाबूत दिसला तरी खालून लढाई हरलेली असते, ती अशी.

लेप तीन प्रकारें रक्षण करितो. कांहीं लेप भिंतीप्रमाणें पाणी अडवितात. कांहींतील द्रव्यें लोखंडाचा पृष्ठभाग शांत ठेवितात. जुन्या शेंदराचा व आजच्या झिंक फॉस्फेटाचा उपयोग या जातीचा. तिसरी जात जस्ताची. जस्त लोखंडास लागून असलें म्हणजे प्रथम तें स्वतः झिजतें व लोखंडास वांचवितें. म्हणूनच जस्ताच्या पत्र्यावर बारीक ओरखडा पडला तरी तेथें लगेच गंज चढत नाहीं.

निरनिराळे लेप व त्यांचे गुणदोष

तेलाचा रंग व सिंथेटिक इनॅमल. पूर्वीं बेलतेलांत शेंदूर कालवून अस्तर देत. त्याचेंच सुधारलेलें रूप म्हणजे आजचें रेड ऑक्साइड अस्तर व त्यावरील इनॅमल. हा लेप स्वस्त आहे, कुंचल्यानें सहज बसतो, हातानें घांसून साफ केलेल्या लोखंडावरही बरा धरतो व पुढें केव्हांही त्यावर नवा हात देतां येतो. आंतल्या भागांतील फाटक, खिडकीचे गज, अवजारें व गोदामांतील सामान यांस तो पुरेसा आहे. परंतु पाण्यांत बुडणाऱ्या लोखंडावर तो टिकत नाहीं. जस्ताच्या नव्या पत्र्यावर तर तो मुळींच देऊं नये. त्यांतील तेलाचा व जस्ताचा संयोग होऊन मध्यें साबणासारखा थर बनतो व रंग पापुद्र्यांनीं सुटतो. "पत्र्यावर रंग राहात नाहीं" या नेहमींच्या तक्रारीचें एक मोठें कारण हें आहे.

डांबरी लेप. काळा बिट्युमेनचा रंग स्वस्त व पाण्यास चांगला दाद न देणारा आहे. जमिनींत पुरलेली नळी, खांबाचा पुरलेला भाग यांस तो योग्य. मात्र ऊन त्यास सोसत नाहीं. उघड्यावर तो चिरतो. दगडी कोळशापासून निघणारें डांबर पिण्याच्या पाण्याच्या टाकीस किंवा गुरांच्या कुंडास आंतून कदापि लावूं नये, कारण त्यांत कर्करोगकारक द्रव्यें असतात.

जस्ताचा मुलामा. लोखंड वितळलेल्या जस्तांत बुडवून काढलें म्हणजे जो मुलामा बसतो, तो कुंचल्याच्या रंगाहून फार चिवट असतो. पत्रा घेतांना केवळ जाडी न पाहतां जस्त किती आहे हें विचारावें. भारतीय मानक आयएस २७७ मध्यें १२०, १८०, २७५ अशा प्रती आहेत. हा आंकडा एका चौरस मीटर पत्र्याच्या दोन्ही बाजूंवरील मिळून जस्ताचे ग्रॅम दाखवितो. २७५च्या पत्र्यावर प्रत्येक बाजूस सुमारें १९ मायक्रॉन जस्त असतें, तर १२०च्या पत्र्यावर सुमारें ८. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दोन्ही पत्रे दुकानांत सारखेच चकाकतात. भेद पांच-सहा पावसाळ्यांनंतर कळतो. जस्त आम्लास व तीव्र क्षारास भितें. म्हणून खताच्या पोत्यांशीं किंवा शेणाशीं पत्रा लागूं देऊं नये. नवे पत्रे ओले असतां एकावर एक रचले, तर त्यांवर पांढरा गंज चढतो.

जस्तयुक्त अस्तर. यांत सुक्या थरांत जस्ताची भुकटी अत्यंत जास्त प्रमाणांत असते. मुलाम्याप्रमाणेंच तें स्वतः झिजून लोखंड वांचवितें. पण त्यासाठीं जस्ताचा कण लोखंडास प्रत्यक्ष भिडला पाहिजे. गंजावर किंवा जुन्या रंगावर दिलेलें जस्तयुक्त अस्तर म्हणजे निव्वळ महाग रंग होय.

एपॉक्सी. हा दोन डब्यांचा रंग. एकांत राळ व दुसऱ्यांत कठीण करणारें द्रव्य असतें. दोन्ही सांगितलेल्या मापानें कालवले म्हणजे रासायनिक क्रिया होऊन कठीण, चिकट व पाणी न शिरूं देणारा थर होतो. खाऱ्या पाण्यास व रसायनांस तोंड देण्यांत तेलाचा रंग याच्या जवळपासही येत नाहीं. दोष एवढाच कीं, उन्हांत त्याची चकाकी जाऊन त्यावर खडूसारखी पूड येते. हातानें साफ केलेल्या जुन्या लोखंडासाठीं एपॉक्सी मॅस्टिक नांवाचा निराळा प्रकार मिळतो. शेतकऱ्यास तोच बहुधा अधिक उपयोगी.

पॉलियुरेथेन. एपॉक्सीच्या वर उन्हापासून रक्षणासाठीं हा शेवटचा हात देतात. रंग व चकाकी दीर्घकाळ टिकते. बुडालेल्या किंवा सावलींतील लोखंडास याची गरज नाहीं.

या मांडणीचा अनुभव परदेशांतही आला आहे. स्कॉटलंडांतील फोर्थचा रेल्वेपूल १८९० मध्यें खुला झाला. खाडीवरील त्या पुलास तेलाचा रंग देण्याचें काम कधींच संपत नाहीं अशी म्हणच तिकडे पडली होती. पुढें जुना रंग लोखंडापर्यंत काढून, झिंक फॉस्फेटाचें एपॉक्सी अस्तर, कांचेच्या पापुद्र्यांचें एपॉक्सी व वर पॉलियुरेथेन असे तीन थर देण्यांत आले, आणि डिसेंबर २०११ मध्यें तें काम पुरें झालें. वीस वर्षांहून अधिक काळ पुन्हां रंगवावें लागूं नये, अशी ती योजना आहे. आपल्या देशांतही रामेश्वराजवळील पांबनच्या नव्या पुलास, जो एप्रिल २०२५ मध्यें खुला झाला, खाऱ्या वाऱ्यापासून रक्षणार्थ पॉलिसिलॉक्झेन हा विशेष लेप दिलेला आहे. हीं उदाहरणें देण्याचा हेतु असा कीं, समुद्राकांठीं थर वाढवीत जाण्यापेक्षां थरांचा क्रम व त्यांखालील सफाई यांसच महत्त्व आहे.

सफाई हेंच अर्धें काम

पेरणीपूर्वीं मशागत, तशी रंगापूर्वीं सफाई. कारखान्यांत कणांचा जोराचा मारा करून लोखंड जवळ जवळ पांढरें करितात. त्या प्रतीस एसए अडीच म्हणतात. हातानें किंवा यंत्राच्या ब्रशनें केलेली सफाई एसटी दोन व एसटी तीन या प्रतींची. शेतकऱ्याच्या घरीं बहुधा दुसरीच शक्य असते, म्हणून लेपही त्यास साजेसा निवडावा.

प्रथम गोड्या पाण्यानें मीठ धुऊन काढावें. ही पायरी वगळूं नये. रंगाखालीं राहिलेलें मीठ पाणी ओढून घेतें व आंतून फोड आणतें. छपराचा वरचा भाग पावसानें धुतला जातो, परंतु वळचणीखालील भागावर मीठ साठत राहतें. म्हणून किनाऱ्यावर पत्रा खालून आधीं सडतो. धुतल्यानंतर सुटलेला गंज तारेच्या ब्रशनें व पॉलिश पेपरनें काढावा, तेल-ग्रीस पुसावें, आणि त्याच दिवशीं अस्तराचा हात द्यावा. कडा, बोल्ट व सांधे यांवर रंग पातळ बसतो, म्हणून तेथें आधीं कुंचल्यानें एक जादा हात देऊन मग सर्व पृष्ठभाग घ्यावा.

हवेची आर्द्रता शेंकडा ८५ हून अधिक असतां रंग देऊं नये, व लोखंड दंव पडण्याच्या उष्णमानाहून निदान ३ अंश अधिक उष्ण असावें, असा नियम आहे. आपल्याकडे याचा सरळ अर्थ असा कीं, दिवाळीनंतर होळीपर्यंत, सकाळचें दंव पूर्ण सुकल्यावर सुरुवात करावी व दिवस कलण्यापूर्वीं हात आवरावा. एपॉक्सीचे दोन हात देतांना डब्यावरील मुदत पाळावी. मुदत उलटल्यास पहिला थर इतका कठीण होतो कीं, खरखरीत केल्यावांचून दुसरा त्यास धरीत नाहीं.

खर्चाचा हिशेब

रंगाचा भाव लिटरवर न पाहतां थरावर पाहावा. ओल्या रंगांतील पातळ द्रव्य उडून जातें. राहतो तो घन भाग. डब्यावर घन भाग शेंकडा किती तें लिहिलेलें असतें. त्या आंकड्यास १० नें गुणून सुक्या थराच्या मायक्रॉननें भागिलें म्हणजे एक लिटर किती चौरस मीटरांस पुरेल तें निघतें. शेंकडा ४५ घन भागाचें इनॅमल ३५ मायक्रॉनच्या थरानें सुमारें १३ चौरस मीटरांस पुरतें. शेंकडा ८० घन भागाचें एपॉक्सी १५० मायक्रॉनच्या थरानें ५ चौरस मीटरांहून थोडें अधिक. पहिला डबा अधिक पुरतो असें वाटतें, पण त्याचा थर दुसऱ्याच्या चौथाईहूनही कमी असतो.

मग मजुरी व वर्षें यांचा हिशेब करावा. समजा, एका फाटकास इनॅमलचें काम एक हजार रुपयांत होतें व किनाऱ्यावर दोन वर्षें टिकतें. एपॉक्सी-पॉलियुरेथेनचें काम अडीच हजारांत होतें व दहा वर्षें टिकतें. दहा वर्षांत पहिल्यास पांच हजार लागले. हे आंकडे केवळ पद्धत दाखविण्यासाठीं आहेत. प्रत्येकानें आपल्या गांवचे भाव घालून पाहावें. उलट, कोरड्या कोठारांतील कपाटास एपॉक्सी देणें म्हणजे चार आण्यांची कोंबडी व बारा आण्यांचा मसाला.

प्रकृतीस जपावें

शेंदरांत शिसें आहे. जुन्या फाटकाचा रंग कोरडा घांसूं नये. ओला करून घांसावा, पडलेली खपली गोळा करावी, व ती उकिरड्यांत किंवा गोठ्याजवळ टाकूं नये. गुरें जुना रंग चाटतात व शिशाच्या विषानें दगावतात. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचें प्रमाण ९० पीपीएमहून अधिक नसावें असा नियम केंद्र सरकारनें २०१६ मध्यें केला व तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. परंतु कारखान्यांसाठींचे रंग त्याच्या कक्षेंत येत नाहींत. म्हणून घरासाठीं असा डबा घेतांना तो वाचून घ्यावा. पॉलियुरेथेन फवाऱ्यानें मारल्यास त्यांतील आयसोसायनेट फुप्फुसांस अपाय करितें. घरीं कुंचलाच वापरावा. साध्या वाळूचा कोरडा मारा करवूं नये. त्या धुळीनें सिलिकोसिस जडतो.

उघाडीची झडप

आतां ज्या एका लोखंडासाठीं हा सर्व विचार सर्वांत अगत्याचा आहे, त्याकडे वळूं. खाडीकांठच्या खारजमिनी बांधानें राखलेल्या असतात. बांधांतील उघाडीवरची झडप ओहोटीस आपोआप उघडून शेतांतील पाणी बाहेर सोडते व भरतीस मिटून खारें पाणी अडविते. या जमिनींच्या रक्षणार्थ मुंबई इलाख्यांत १९४८ मध्यें व महाराष्ट्रांत १९७९ मध्यें कायदे झाले. पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्रानें पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ हे खारटपणा सोसणारे भाताचे वाण दिले. परंतु वाण कितीही सोशीक असला तरी, झडपेची बिजागरी गंजून ती अर्धी उघडी राहिली व त्याच रात्रीं उधाणाची भरती आली, तर पीक जातें. आणि जमिनींत मुरलेलें मीठ धुऊन जाण्यास पुढचे पावसाळे वाट पाहावी लागते.

अशी झडप रोज दोनदां भिजते व दोनदां वाळते. लोखंडास याहून वाईट स्थिति नाहीं. तीस तेलाचा रंग व्यर्थ. शक्य तर कारखान्यांत कणांचा मारा करवून, एपॉक्सीचे तीन हात, मिळून चारशें-साडेचारशें मायक्रॉन, द्यावे. बिजागरी व बोल्ट यांस पहिला जादा हात द्यावा. झडपेस बाहेरून जस्ताची वडी बोल्टनें घट्ट जोडावी. ती झिजेल व झडप राहील. वडीस मात्र रंग लावूं नये, नाहींतर तिचें काम थांबेल. एपॉक्सी पुरतें पिकण्यास सुमारें सात दिवस लागतात. त्यापूर्वीं तें बुडूं देऊं नये. म्हणून गांवानें झडपांच्या दोन जोड्या ठेवाव्या. एक उघाडीवर व एक कोठारांत रंगून तयार. अदलाबदल उन्हाळ्यांत, भांगाच्या दिवसांत करावी.

खर्च पाहूं. एक मीटर लांब व एक मीटर रुंद झडपेच्या दोन बाजू मिळून दोन चौरस मीटर. तीन हात म्हणजे सहा चौरस मीटर. वरच्या हिशेबानें सव्वा लिटराहून कांहीं कमी रंग लागतो. नासधूस धरून दीड लिटर पुरे. एका झडपेमागें किती एकर भात उभें असतें हें प्रत्येक गांवास ठाऊक आहे. दीड लिटर रंग एका बाजूस व तेवढी जमीन दुसऱ्या बाजूस ठेवून पाहावी.

खाजगी फाटक ज्याचें त्यानें रंगवावें; झडप मात्र साऱ्या बांधकरांची आहे, आणि जें सर्वांचें तें कोणाचेंच नाहीं असें होऊं देणें घातक. म्हणून प्रत्येक गांवच्या बांधकरांनीं होळीपूर्वीं एक दिवस नेमून उघाड्या पाहाव्या, झडपांवर रंग दिल्याचें वर्ष कोरून ठेवावें, व वर्गणीचा हिशेब वहींत लिहावा. आधीं जागा पाहावी, मग सफाई करावी, मग लेप निवडावा, आणि भाव शेवटीं विचारावा, तोही वर्षांच्या हिशेबानें. हा क्रम जो पाळील, त्याचें लोखंड खाऱ्या वाऱ्यांतही दीर्घकाळ सेवा करील.